दीपगृहाच्या भिंगाचा तुकडा

प्रिय दादा,

आधी सगळे ठीक आहेत हे लिहून टाकते, नाहीतर पहिल्या ओळीलाच घाबरून तू फोन करशील आणि फोन अण्णा उचलतील. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन नीट पार पडलं. टाके निघाले, भूक लागते, आवाज पूर्वीइतकाच खणखणीत आहे. आईच्या मते ही देवाची कृपा. माझं मत मी राखून ठेवते.

तू गेल्यानंतर आपल्या कारखान्यात आलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे दीपगृहाचं भिंग. माणूस आत उभा राहील एवढं मोठं, पण एकसंध नाही. काचेची वळी एकावर एक रचलेली. तेवढं भिंग एकाच काचेचं केलं असतं तर मनोऱ्याला पेललं नसतं. म्हणून दोनशे वर्षांपूर्वी कुणा शहाण्यानं विचार केला, की उजेड वळतो तो काचेच्या वरच्या उतारापाशी. मधलं पोट नुसतं ओझं. त्यानं पोट काढून टाकलं आणि उतार तेवढे ठेवले. आतल्या लहानशा दिव्याचा उजेड ते गोळा करतात आणि सरळ समुद्रावर फेकतात. त्यातला एक हातभर लांब, तिकोनी तुकडा वादळात फुटला होता. तसाच दुसरा करून द्यायचा होता.

अण्णा म्हणाले, नवी पांढरीशुभ्र काच चालायची नाही, जुनीला हिरवट झाक असते. खरंच होतं ते. त्या काळी वाळूतलं लोखंड पुरतं निघत नसे. त्याच जातीच्या फुटक्या काचा त्यांनी माळ्यावर पोत्यात जपून ठेवल्या होत्या. इथपर्यंत त्यांच्या पायावर डोकं ठेवावं. पुढे मात्र स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावा.

वितळलेली काच साच्यात ओतली की तिला भट्टीतच निवू द्यावं लागतं, अगदी अंशाअंशानं. बाहेरचा भाग आधी आखडला आणि आतला मागे राहिला, की दोघांची ओढाताण काचेत कायमची कोंडून बसते. वरून दिसायला स्वच्छ, शांत. हे मला अण्णांनीच शिकवलं, मी फ्रॉक घालत होते तेव्हा. आणि हाच माणूस दुसऱ्याच दिवशी भट्टीचं दार उघडून “बघू तरी” म्हणतो! पहिला तुकडा घासताना गेला. दुसरा नुसता फळीवर ठेवलेला होता. आम्ही जेवत होतो, कुणी हात लावला नव्हता, आणि कारखान्यातून ‘टण्ण’ आवाज आला. जाऊन बघतो तर दोन भाग. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, “तू मघाशी दार आपटलंस.” दादा, मी दार आपटलं नव्हतं. त्यानंतर आपटलं.

काचेतला ताण बघायला पोलरॉइडच्या काळसर फिल्मचे दोन तुकडे पुरतात. उजेडासमोर एकावर दुसरा आडवा धरला की अंधार होतो. मधे काच धरली की जिथे ताण असेल तिथे रंगांचे पट्टे उमटतात. मी आणून ठेवले, तर म्हणे, “असली खेळणी कशाला? मला डोळे आहेत.” आहेत ना. पण ताण डोळ्यांना दिसत नाही, हेच तर रडगाणं आहे.

तेवढ्यात त्यांना कळ आली आणि दवाखान्यात न्यावं लागलं. आई त्यांच्यापाशी राहिली. मी तिसरा तुकडा ओतला, भट्टीचं दार लावलं आणि त्यावर खडूनं लिहिलं, ‘उघडू नये’. घरात माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, पण हात माझेही शिवशिवत होते. शेवटी मुलगी कुणाची! दवाखान्यात डबा पोचवायचा, परत येऊन भट्टीची आच जराशी उतरवायची, पुन्हा दवाखाना. तिथे रोजचं पालुपद, “मी येईपर्यंत भट्टीला हात लावू नकोस.” मी म्हणायची, “तुम्ही आधी गोळी घ्या.”

काच बाहेर आली तेव्हा फिल्ममधे धरून पाहिली. अंधार. कडेला किंचित राखाडी, बाकी काहीच नाही. मी स्टुलावर बसून मनसोक्त रडले. मग घासणं, आधी जाड पूड, मग बारीक, मग पॉलिश. बोटांची सालं निघाली.

घरी आल्यावर अण्णांनी तुकडा खिडकीशी नेला, उलटसुलट केला. मी चहा टाकायला गेले आणि परत येते तर ती ‘खेळणी’ त्यांच्या हातात! मला बघताच खाली ठेवली. “बरा झालाय,” म्हणाले.

तुकडा बसवायला मनोऱ्यावर मीच चढले, अण्णांना जिने चढायची मनाई होती, ते खालीच थांबले. दिवा लागला तेव्हा बंदराचे इंजिनिअर म्हणाले, नवा तुकडा कुठला ते शोधून सापडत नाही. खाली आल्यावर त्यांनी आणखी दोन दीपगृहांची कामं देऊ केली. अण्णांची छाती फुगली. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.

बोलले. घरी पोचल्यावर म्हणाले, “दादाला पत्र लिही. काम वाढलंय, म्हणावं ये आणि कारखाना सांभाळ. अशा कामाला घरातला मुलगाच हवा.” तर हे ते पत्र. निरोप पोचवला. आता माझं ऐक. येऊ नकोस. तू शाळेत गाणं शिकवतोस, त्यात रमलायस, आणि काचेचा तुला पहिल्यापासून कंटाळा. त्या दोन कामांवर मी सही केली आहे. आणि तुला ठाऊक आहे, या घरातलं कुठलंही पत्र अण्णांना वाचून दाखवल्याशिवाय पाकिटात जात नाही. ते समोर खुर्चीत बसलेत, माझं लिहून व्हायची वाट बघत. म्हणून इतकं सविस्तर लिहिलं, दादा. तोंडावर सांगायला गेले की ते मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीत. अण्णा, कारखाना मी सांभाळते आहे आणि यापुढेही मीच सांभाळणार. वाचून झालं की काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. पत्र मात्र बदलणार नाही.

तुझीच,
धाकटी