गोष्टीला हं म्हणणारं

आई, तू तिकडे गेल्यावर आम्हाला विसरलीस याचं मला नवल नाही. चुलीवर दूध ठेवून शेजारणीकडे विरजण मागायला जायचीस आणि तिच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकत तिथंच बसायचीस, त्यातली तू. इतकी वर्षं झाली, एकदा स्वप्नातसुद्धा आली नाहीस. म्हणून मीच बोलतेय. लिहून घेतेय तुझी पणती, म्हणजे माझी नात. माझी आणि अक्षरांची ओळख तुझ्याइतकीच राहिली.

मी आता बेंगळुरात असते, मारतहळ्ळीत, लेकाच्या घरी. नातीचं ऑफिस बेळ्ळंदूरला आहे. तिथं सिनेमे बनतात, माणसं उडतात आणि एका हाताने पूल उचलतात तसले. आता त्या माणसाला ताकद कुठून आली हे सांगायचं, तर आधी त्याचं जग कुठून आलं हे ठरवावं लागतं म्हणे, आणि ते ही ठरवते. त्याचा पगार मिळतो. मी विचारलं, तुमची जगं सुरू होतात तरी कशी? म्हणाली, बहुतेक युद्धाने. एक देव दुसऱ्याला मारतो, त्याच्या तुकड्यांचे डोंगर होतात, आणि एक चमकता दगड उरतो तो पुढे नायकाला सापडतो. मी म्हटलं, भांडायला दोघं आले कुठून ते सांग आधी. ती हसली, म्हणाली, तूच सांग. मग मी तिला तुझी म्हातारीची गोष्ट सांगितली.

मी लहान आहे, उन्हाळा आहे. घरावर, मातीच्या धाब्यावर कुरडया वाळत पडल्यात, मी काठी घेऊन राखणीला बसलेय आणि तू खाली चुलीपाशी आहेस. माझा डोळा लागू नये म्हणून धूर जायच्या भोकातून तू खालूनच गोष्ट सांगतेस. आधी काहीच नव्हतं, अंधारसुद्धा नव्हता. एक म्हातारी होती आणि तिच्या पोटात एक गोष्ट होती. पण हं म्हणणारं कुणी नसेल तर गोष्ट पुढे सरकत नाही. म्हणून तिने तळहाताचा मळ चोळून गोळा केला, त्याला म्हणाली, हं म्हण. तो हं म्हणाला, ती झाली पृथ्वी. पृथ्वी पेंगायला लागली की म्हातारी तिला चिमटा काढी, आणि चिमटीत येईल त्या मातीचं झाड करी, बैल करी, माणूस करी. सगळ्यांनी आळीपाळीने हं म्हणायचं. जे कायमचे झोपले ते दगड झाले. वाक्य संपलं की मी वरून हं म्हणायचे, आणि मी जागी आहे हे तुला कळायचं. एकदा माझा डोळा लागला, हं म्हणायचं राहिलं. तू वर आलीस तेव्हा शेजारची बकरी निम्म्या कुरडया फस्त करून ओठ चाटत होती. तू मला मारलं नाहीस. म्हणालीस, "बकरीचं काही नाही. ती म्हातारी तोंड उघडं टाकून बसलीय, तिचं काय करायचं ते सांग."

तुझा एक फोटो नाही. भावंडंही गेली. तू म्हणून जे काही उरलंय ते ही म्हातारी, आणि ती माझ्या तोंडात. म्हणून नातीने फोनवर गोष्ट भरून घेतली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. मग तिच्या साहेबाने मला ऑफिसात बोलावलं. साहेब म्हणजे पोरगेलासाच, पायात चपला. त्यांनी गोष्ट लावली. आवाज माझाच, पण सलग, श्वास न घेता पळणारा. मधे मधे नात हं म्हणाली होती, ते कुठेच नव्हतं.

"ते डिस्टर्बन्स होतं अज्जी," कॉम्प्युटरवरची मुलगी म्हणाली, "क्लीन केलं."

साहेब इंग्रजीत बोलला, नातीने मला सांगितलं, गोष्ट छान आहे, पण जग निर्माण करणारी अशी दुसऱ्यावर अवलंबून चालणार नाही, दुबळी वाटते. तिच्या जागी एक राजा घेऊ, हातात वीज असलेला, कुणाचीच गरज नसलेला.

"कुणाची गरज नाही," मी म्हटलं, "तर मग तो जग करील कशाला?"

नातीने ते त्याला इंग्रजीत सांगितलं. शब्द जपून सांगितलं, कारण नोकरी तिची होती. मी म्हटलं, यंत्र बंद करा, समोर बसा, नात इंग्रजीत सांगत जाईल तसं हं म्हणा. पोरं जराशी लाजली. मग एक हूं म्हणाला, एक हां जी. ती कॉम्प्युटरवाली मधेच फोनमध्ये शिरली, तशी मी थांबले. बैल अर्धा झाला होता. शेवटी साहेबच पुढे सरकून म्हणाला, "हं, अज्जी." मग बैलाला मागचे पाय फुटले.

शेवट विचारला त्यांनी. मी सांगितलं, म्हातारी दमते. तिचा आवाज जातो. मग झाडं, बैल, माणसं मिळून तिचीच गोष्ट तिला सांगायला लागतात, आणि ती पडल्या पडल्या हं म्हणते.

साहेब म्हणाला, "सरी," म्हणजे बरं, "म्हातारी राहू दे." सिनेमाच्या सुरुवातीला लिहिणार आहेत, ही गोष्ट या अज्जीच्या आईची. थिएटरात ते मला वाचता येणार नाही आणि तुलाही आलं नसतं.

हे पत्र कुठे टाकायचं ते नातीला ठाऊक नाही. तिला म्हटलं, घडी करून राहू दे. पण एवढं सांगते. कुरडया वाळल्या की तू गोष्ट तिथंच सोडायचीस, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. मग माझं लग्न झालं, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी तू गेलीस. शेवट तू मला कधी सांगितलाच नाहीस. तो माझा आहे, तिथं बसल्या बसल्या केलेला. त्यांनी विचारलं, हा पण आईंचाच का, तर मी हो म्हटलं.

पुरे आता पोरी, पेन ठेव. उद्या त्या पोरांना डब्यातून दाण्याच्या पोळ्या ने, आणि तूप वेगळं बांध, नाहीतर पोळ्या पोचेपर्यंत मऊ पडतात.