काकाचा डावा डोळा

छावणी, औरंगाबाद

सौ. आशाताईस, धाकटा चुलतभाऊ बन्सी याचा वाकून नमस्कार. दाजींनाही नमस्कार (ते माझ्यावर रागावलेले नसतील तर). इकडं सगळे खुशाल. तू आणि बाळ खुशाल असाल. बाळंतपणात डोक्याला गार वारा लागू देऊ नको, असं काकूनं, म्हंजे तुझ्या आईनं, लिहायला सांगितलंय. आणि डिंकाचे लाडू दाजींच्या हाताला लागू देऊ नको, असं मी माझ्या पदरचं लिहितो. तुला येता आलं नाही म्हणून काकाच्या वर्षश्राद्धाची हकिगत कळवतो. शाळा मी सातवीतच सोडली (शाळेनंच मला सोडलं, असं काका म्हणायचा), तेव्हा अक्षर गोड मानून घे.

तर काकूनं महिनाभर आधीच बजावलं होतं, की श्राद्धाला भिंतीवर काकाचा नीट, माणसासारखा फोटो पाहिजे. कारण सोयगावहून तुझे काकासाहेबमामा येणार. त्यांचा स्वभाव मी तुला काय सांगू! आपली बहीण एका तमासगिराच्या गळ्यात पडली, हे दुःख ते तिच्या लग्नापासून पाळून आहेत. लग्नात काका जावई म्हणून रुसून बसला होता ना. सासरे बिचारे घड्याळ घेऊन मनवायला आले, तर हा म्हणतो, घड्याळ नको, बँडमास्तरची टोपी पाहिजे. आणि ती घालून नवरीला मागं ठेवून वरातीत पुढं नाचत गेला! पुढं मोंढ्यात मापाडी झाला तरी तेच. शेतकऱ्याला हसवल्याशिवाय पोतं काट्यावर चढवायचा नाही. काकू म्हणाली, "जल्मभर दादानं मला ऐकवलं. ह्या एका दिवशी त्याला बोलायला जागा ठेवायची नाय." हे बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती, म्हणून मी मुकाट्यानं पेटी उघडली.

पेटीत फोटो लई, पण कामाचा एक नाही. एकात बँडमास्तरची टोपी. एकात पोळ्याच्या बैलाची झूल अंगावर घेऊन शेजारणीकडून ओवाळून घेतोय. एकात चिंचेच्या झाडावरून लोंबणारे नुसते दोन पाय (ते काकाचेच, अशी काकूची खात्री). टोपी-कोटातला, सरळ बसलेला असा एकच निघाला. तुझ्या थोरल्याच्या जावळाला तुमच्या मळ्यात काढलेला, दाजींच्या कॅमेऱ्यानं (काढला कुणी ते मागून सांगतो). पण त्यातही डावा डोळा मिटलेला. चक्क डोळा मारलेला!

तो घेऊन मी गुलमंडीत फकिरा आर्टिस्टकडं गेलो. त्यानं फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "फिकर नक्को करो बन्सीभाई. आँख ऐसी खोल देता मैं, के मरनेवाला खुद उठके सलाम करता." मोठा करून, रंगानं डोळा उघडून, चौकटीत घालून, वर हार चढवून दिला. मी तिथून सरळ घरीच येणार होतो; पण एक दोस्त बजाजनगरला चालला होता, त्याच्या कारखान्यात मला चिकटवतो म्हणाला, म्हणून गेलो (चिकटलो नाही). परत येताना बस खचाखच भरलेली. पण काखेत हारासकट चौकट बघून अख्खी बस गप झाली आणि एका म्हातारीनं उठून मला खिडकीची जागा दिली. मेल्यावरसुद्धा काकानं मला बसायची सोय करून दिली बघ. त्या खुशीत उतरून जरा बाजारात शेळ्या बघायला थांबलो, हे खरं. पण तेवढ्यावरून काकूनं मला उंडगा म्हणावं असं काही नाही.

फोटो भिंतीवर लावला आणि घरात परका माणूस आला. उजवा डोळा आपल्या काकाचा, हसरा. आणि डावा टपोरा, करारी, जप्तीला आल्यासारखा स्वयंपाकघराकडं रोखलेला. काकूनं डोक्यावरून पदर ओढला तो दोन दिवस खाली घेतला नाही. त्या खोलीत चहासुद्धा प्यायली नाही.

श्राद्धाच्या सकाळी बघतो तर चौकट खाली, काच बाजूला, आणि काकू मांडी घालून बसलेली. पदराचं टोक ओलं करून, लेकराच्या गालावरचं काजळ पुसावं तसा तिनं तो रंगाचा डोळा हळूहळू पुसून काढला. खालून मिटलेला डोळा वर आला. मी ओरडलो, "काकू, मामा येतील आता!" ती म्हणाली, "येऊ दे. दादा भर बैठकीत ह्यांना फैलावर घ्यायचा ना, तवा हे खाली मान घालून गप ऐकायचे, आन् हळूच माझ्याकडं बघून असाच डोळा मिटायचे. मग मला दादाचं बोलणं लागायचं नाय." काच परत बसवत म्हणाली, "इथं बी माझ्याकडंच बघून मिटलाय."

काकासाहेबमामा आले. हात जोडले, मान वर केली आणि फोटोजवळ जाऊन तो डोळा न्याहाळला. मग म्हणाले, "मेला तरी सुधरला नाय ह्यो," आणि असे हसले की टोपी सावरावी लागली. पुरणपोळ्याही दोन जास्तीच्या हाणल्या. काकू आता त्या खोलीतच झोपते.

थोरामोठ्यांना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
बन्सी

ता. क. तो फोटो मीच काढला होता. काका कुणाला डोळाबिळा मारत नव्हता, डोळ्यात चिलट गेलं होतं. काकू तर तेव्हा तिकडं चुलीपाशी पुऱ्या तळत होती. हे मेलो तरी तिला कळता कामा नये. लगेच दुसरा खटका दाबला त्याची प्रत तुझ्याकडं आहे. त्यात काका धोतराच्या सोग्यानं डोळा चोळतोय आणि माझ्या नावानं तोंड सोडलंय. पुढच्या महिन्यात काकू नातू बघायला तिकडं येतेय, त्याआधी तेवढा फाडून टाक. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. आणखी एक. फाडू नको. लपवून ठेव, मीच येऊन घेऊन जातो. वर्ष झालं, तशा शिव्या मला कुणी दिल्या नाहीत.