थट्टेतले तेहेतीस नियम

ता. ४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावला असशील. खुशाल रागाव, पण उत्तर मात्र उलट टपाली धाड, कारण मी पुरती अडकले आहे.

खात्याचं परिपत्रक आलंय. प्रत्येक सरकारी शाळेने शिस्तपुस्तिका काढायची आणि तिच्यात नियम मोजून चाळीस हवेत. ‘शिक्षा’ हा शब्द वापरायचा नाही, आता त्याला ‘परिणाम’ म्हणायचं. म्हणजे पोरं बाकावर पूर्वीसारखीच उभी राहणार, फक्त आता ती परिणामात उभी राहणार! आमच्या शाळेत तीस वर्षं सातच नियम आहेत आणि त्यातला सातवा नळ बंद करण्याबद्दल आहे. उरलेले तेहेतीस सोमवारच्या आत कुठून आणू? आमचे पर्यवेक्षक, ज्यांना मुलं फूटपट्टी म्हणतात, रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन किती झाले म्हणून विचारतात. तू छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलीस, नाना संस्थांच्या नियमावल्या तुझ्या डोळ्यांखालून गेल्या. पाच-दहा तरी सुचव.

तुझी नात भिंगरी मजेत आहे. आईबाप बदलीच्या गावी आणि ही माझ्या घरी, माझ्याच शाळेत. घरीही मुख्याध्यापिका, शाळेतही मुख्याध्यापिका, अशी बिचारीची कोंडी झालीये. शालान्त परीक्षेचं वर्ष, पण बाईसाहेब खिडकीशी बसून बाहेर बघत असतात. कुणावर गेलीये ते सांगायला नको.

वहिनी गेल्यापासून तू जेवणाची हेळसांड करतोस असं ऐकते. खरं असलं तर येऊन कान धरीन. माया आहेच, ती पत्राच्या उत्तराने सिद्ध कर.

तुझी,
ठकी

ता. ७ सप्टेंबर

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चहा निवला. चाळीस नियम! आपल्या शाळेत एकच होता, आठवतो? कवितेच्या तासाला खोकायचं नाही. उशिरा येणाऱ्याला गुरुजी दारात थांबवून आदल्या दिवशीची कविता चालीवर म्हणायला लावत, आणि ती संपली की आत घेत. मी त्या वर्षी मुद्दाम एकवीस वेळा उशिरा गेलो. दारातून आवाज असा घुमायचा की वर्गात बसून कविता म्हणणाऱ्यांची मला कीव यायची. अजूनही संध्याकाळी गॅलरीत उभा राहून एखादी म्हणतो. खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवतो. ऐकायला की वैतागून, ते विचारायचा धीर होत नाही.

असो. तुझे तेहेतीस नियम वेगळ्या कागदावर, स्वच्छ अक्षरात, सोबत जोडले आहेत. एका बैठकीत झाले. आठवा असा, की शिंक मधल्या सुट्टीतच यावी. नववा, खिडकीबाहेर पाहू नये, पाहिलंच तर दिसलेलं तत्काळ विसरावं. दहावा, वर्गात परवानगीवाचून ओरडू नये, आग लागली तरी आधी हात वर करावा. अकरावा माझा विशेष लाडका: फाटक घंटेबरोबर बंद व्हावं. उशिरा आलेल्यास आत घेऊ नये, घरीही पाठवू नये, फाटकाबाहेर ताठ उभं करावं, कशालाही टेकू देऊ नये. अशाने वेळ पायांतून डोक्यात चढते. कसं काय? पर्यवेक्षकांना वाचून दाखव आणि त्यांच्या तोंडाकडे बघ. मग फाडून टाक आणि खरे नियम कुठल्यातरी जुन्या नियमावलीतून उतरवून काढ. सगळे तेच करतात.

जेवतो वेळेवर. भिंगरीला बघू दे खिडकीतून. मायेची पावती पोचली असं समज.

तुझा,
दादा

ता. २ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. तुझा कागद मी फाडला नाही. निवांत हसू म्हणून फायलीत ठेवला, आणि शाळेत निवांत वेळ कधी मिळतो? कारकुनाला वाटलं मसुदा आला. त्याने तो सातांच्या पुढे टंकून काढला, साठ कागदांच्या गठ्ठ्यात ठेवला, आणि मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने साठही सह्या केल्या.

मला वाटलं खातं मला फासावर देणार. खात्याने अभिनंदन धाडलंय. आपली पुस्तिका ‘आदर्श’ ठरली असून जिल्ह्यातल्या सगळ्या, म्हणजे एकशेबारा शाळांना ती गुळगुळीत कागदावर छापून जाणार आहे. शिंकेच्या नियमाला त्यांनी आरोग्याचा नियम म्हटलंय. फूटपट्टींनी तर माझा हात हातात घेऊन सांगितलं, की बाई, इतकी वर्षं तुम्हाला ओळखायला आम्ही चुकलो.

थट्टा होती हे आता कसं सांगू? मार्चमध्ये निवृत्त होतेय, जाताजाता हसं नको. आणि पुस्तिका वाचतं कोण! दोन महिन्यांत धूळ बसेल. तुझी बहीण मूर्ख आहे हे घरातल्या घरात राहू दे, आणि जीव पूर्वीइतकाच लाव.

तुझी,
ठकी

ता. ५ ऑक्टोबर

चि. ठकीस,
अ. उ. आ.

इतका हसलो की शिंपी वर बघायला आला. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या आणि माझं पहिलं पुस्तक निघालं ते असं, लेखकाच्या नावाशिवाय, एकशेबारा गावांत! एक प्रत धाड. कागद खरंच गुळगुळीत आहे का?

चूप बसण्याचा तुझा विचार मला पटतो. उगाच कशाला ढवळायचं? ग्रंथकार झालेल्या भावाचा मान राखून असाच स्नेह असू दे.

तुझा,
दादा

ता. २८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुस्तिका वाचली जाते, दादा. फूटपट्टींनी ती वाचली. महिनाभर ते रोज घंटेबरोबर फाटकाला कुलूप लावतात आणि उशिरा आलेल्यांना बाहेर ओळीत उभं करतात. मी एकदा अडवलं तर त्यांनी माझीच सही दाखवली.

गेल्या आठवड्यात एके दिवशी बाराजण होते. त्यात पहिलीतली एक होती, सहा वर्षांची. डब्याचं झाकण वाटेत पडलं ते शोधायला मागे गेली, म्हणून उशीर. नोव्हेंबर असूनही ऊन करपवणारं. ती भिंतीला टेकली, तर तिला सरळ केलं, कारण नियमात टेकू देऊ नये असं आहे. तासाभराने ती कोसळली. फूटपट्टी तोवर आत नोंदी करत होते.

भिंगरीने दुसऱ्या मजल्यावरून पाहिलं. खिडकीतून शिपायाला जीव तोडून हाक मारली आणि न विचारता वर्गाबाहेर धावली. शिपायाने कुलूप काढलं, पोरीला उचलून दवाखान्यात नेलं. दोन दिवस ठेवलं होतं. आता बरी आहे, काळजी नको.

काळजी भिंगरीची आहे. खिडकी, ओरडणं आणि जागा सोडणं, असे तीन नियम तिने एका मिनिटात मोडले. एका दिवसात तीन म्हणजे ‘परिणामां’ची थेट चौथी पायरी, आणि चौथी पायरी म्हणजे शाळेतून नाव कमी. परीक्षेला तीन महिने राहिलेत, आता दुसरी शाळा तिला घेणार नाही, वर्ष जाईल. शाळेच्या शिस्त समितीने माणुसकी दाखवून एक पळवाट ठेवली आहे. तिने आपण चुकलो असं कबुलीपत्र लिहून दिलं तर फक्त सात दिवस घरी. मुलीचा जीव वाचला ना, असं मी म्हटलं, तर फूटपट्टी म्हणाले की परिणाम चांगला झाला हे मान्य, पण नियमात त्याला ‘परिणाम’ म्हणता येत नाही.

भिंगरी लिहायला तयार नाही. जेवते, अभ्यास करते, आणि कबुलीपत्राचं नाव काढलं की नाही म्हणते. समिती आठ डिसेंबरला बसणार. तुझं ऐकेल ती. लिही तिला. आपल्यातली माया आज कामाला येऊ दे.

तुझी,
ठकी

ता. १ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

बाळ, तू केलंस ते योग्यच होतं. तुझा हा आजोबा तिथे असता तर खिडकीत उभा राहून त्यावर कविता करत बसला असता. पण आता वर्षाचा प्रश्न आहे. चार ओळी लिहायला काय जातं? त्या कागदाला खरं मानतो कोण? सही करायची आणि मनातल्या मनात हसायचं, दुनिया अशीच चालते.

तुला त्रास नको म्हणून मसुदा मीच करून पाठवतो. भाषा थोडी अलंकारिक आहे, पण समित्यांना तशीच आवडते. उतरवून काढ, एवढा हट्ट पुरव, आणि म्हाताऱ्यावरचं प्रेम आटू देऊ नकोस.

तुझे,
आजोबा

ता. ५ डिसेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

मसुदा परत पाठवते आहे. फार सुंदर आहे. ‘चंचल मनाच्या पाखराने खिडकीची मर्यादा ओलांडली’ हे मैत्रिणीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली की एवढं छान लिहून दिलं तर मला बक्षीसच देतील. पण आजोबा, त्यात खिडकी आहे, बाक आहे, माझा आवाज आहे, पाखरूसुद्धा आहे. ती मुलगी कुठेच नाही.

मी काल तिच्या घरी गेले होते. तिचे पुढचे दोन दात पडलेत. तिने मला विचारलं, की आता उशीर झाला तर बसलेलं चालेल का.

पुस्तिका वाटली त्या दिवशी अकरावा नियम वाचून अख्खा वर्ग हसला होता. वेळ पायांतून डोक्यात चढते! मीही हसले, आणि तेव्हाच वाटलं की हे बोलणं ओळखीचं आहे. परवा ठकीआजीला विचारलं. ती चहा गाळत राहिली, कप भरून वाहिला तरी. म्हणून कळलं.

फूटपट्टी सर मात्र हसले नव्हते, आजोबा. त्यांनी ते नीट वाचलं.

तुम्ही माझ्यासाठी माफी लिहिलीत. तुमची कुठे आहे? मी काही लिहून देणार नाही. वर्ष गेलं तर गेलं. तुमच्यावर रुसले आहे, पण गोळ्या वेळेवर घ्या. प्रेम आहे तसंच आहे, त्याला नियम नाही.

तुमची,
भिंगरी

ता. १६ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भिंगरीने तुला काय लिहिलं ते तिने मला सांगितलं. तुझं उत्तर तिला आलं नाही, म्हणून तू कसा असशील याची कल्पना आहे.

आठ तारखेला समिती बसली. भिंगरी उभी राहिली, कबुली नाही म्हणाली आणि बसली. तेव्हा मी उठले. सांगितलं की तेहेतीस नियम माझ्या थोरल्या भावाने मला हसवायला लिहिले होते आणि मी ते न वाचता सही करून धाडले. चूक माझी, तेव्हा ‘परिणाम’ मला द्या. इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. मग फूटपट्टींनी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली आणि हताशपणे म्हणाले, की मुख्याध्यापिकेसाठी हिच्यात एकही नियम नाही!

प्रकरण खात्याकडे गेलं. खात्याचा हुकूम अकरा तारखेला आला. मी सक्तीच्या रजेवर, शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. माझी चौकशी होईपर्यंत आमच्या शाळेतली पुस्तिकेखालची सगळी प्रकरणं स्थगित. चौकशी अधिकारी अजून नेमायचा आहे. खात्यात पस्तीस वर्षं काढली आहेत, म्हणून छातीठोक सांगते की तो जूनच्या आत सापडत नाही. भिंगरीची परीक्षा तोवर होऊन जाईल. तिला न्याय मिळाला नाही, नुसती दिरंगाई मिळाली, पण सध्या तेवढ्यावर भागेल.

मार्चमधला माझा निरोप समारंभ रद्द झाला. फूटपट्टी आता प्रभारी मुख्याध्यापक आहेत. फाटक अजून बंदच होतं, कारण आदर्श पुस्तिका तीन वर्षं बदलता येत नाही. मी रोज घंटेच्या आधी स्टूल आणि पाण्याची कळशी घेऊन फाटकाबाहेर बसते. मलाही आत जायची बंदी, उशिरा आलेल्यांनाही. मग आम्ही सगळे खाली बसून गणितं करतो. फूटपट्टी कुलपामागून बघत असतात. रजेवरच्या बाईने रस्त्यावर बसू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

तुझ्यावर राग आहे, खोटं कशाला सांगू? माझ्यावर त्याहून जास्त आहे. तू थट्टा केलीस, पण सही माझी होती. आणि अजून एकशेअकरा फाटकं आहेत, दादा, जिथे स्टूल घेऊन बसायला कुणी नाही. यावर तुला काही सुचलं तर कळव. या वेळी फार सुंदर नसलं तरी चालेल. बहीण आहे, तेव्हा नातं राहीलच.

तुझी,
ठकी

ता. १९ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहीत होतो. सगळ्या मुख्याध्यापकांना एकेक पत्र, हाताने. छापून घेतलं असतं तर दिवसात झालं असतं, पण छापील कागदाचं लोक काय करतात ते आपण पाहिलं. मजकूर एकच आहे: शिस्तपुस्तिकेतले आठ ते चाळीस नियम मी थट्टेत लिहिले, अकराव्यामुळे एक सहा वर्षांची मुलगी उन्हात कोसळली, कृपा करून फाटक उघडा. खाली नाव, पत्ता. पाखरू नाही, अलंकार नाही. पहिल्या पत्राचे सात मसुदे फाडले, दर वेळी कुठूनतरी एखादं गोड वाक्य शिरायचं. संध्याकाळच्या कविता बंद आहेत. शिंप्याने काल प्रकृतीची चौकशी केली.

चाळीस पत्रं गेली, तीन उत्तरं आली. एका मुख्याध्यापकांनी माझ्या विनयाचं कौतुक केलंय आणि मुलींच्या वेण्यांबद्दल काही नियम असल्यास सुचवावेत अशी विनंती केली आहे. दुसऱ्यांनी विचारलंय, की यातले थट्टेतले कोणते ते खुणा करून कळवा, त्यांना तर सगळेच आवश्यक वाटले. हे वाचून मला हसू आलं नाही. मला वाटतं, माझी तेवढी तरी सुधारणा झाली आहे.

तिसरं उत्तर म्हणजे साधं पोस्टकार्ड. वर शाळा नाही, खाली सही नाही. फाटक मंगळवारपासून उघडं ठेवलं आहे, कुठे बोलू नये, एवढंच लिहिलंय. मी ते जन्मभराच्या सवयीने अक्षर न् अक्षर तपासलं. एकही चूक नाही.

कार्ड सोबत जोडलं आहे, भिंगरीला दाखव. माफ कर म्हणून सांगू नकोस, नुसतं दाखव. आता एक्केचाळिसावं घेतो. माया उणावली असेल तर ते रास्तच आहे, उरलेली सांभाळून ठेव.

तुझा,
दादा