फुलपाखरू, भुंगेरा आणि आफुआबाई

४ जून, सकाळ
निश्चय पक्का. येत्या रविवारी चर्चनंतर आफुआबाईंना मागणी घालायची. त्या विधवा, मी विधुर, मध्ये फक्त एक कुंपण. मागणी अर्थात कवितेतून. जन्मभर शाळेत पोरांकडून कविता घोकून घेतल्या, त्या काय वाया घालवायच्या? विषय: आपल्या जंगलातले दोन जीव. पहिलं कडवं फुलपाखराचं. नाजूक, रंगीत, फुलाफुलांतला मध चाखणारं. (म्हणजे मी.) दुसरं भुंगेऱ्याचं. काळा, मुठीएवढा, उडाला की घरघरणारा. (म्हणजे अम्पोफो सुतार.)

५ जून, संध्याकाळ
लिहायला बसलो. कुंपणापलीकडे धप्प, धप्प! अम्पोफो रोज बाईंना जेवणाचा फुफू कुटून देतो, उकडलेल्या कंदांचा चिकट गोळा. हा मुसळ हाणणार, दोन घावांमध्ये बाई हात घालून गोळा उलटणार. एकमेकांकडे बघत नाहीत, एक अक्षर बोलत नाहीत. बिचाऱ्या बाई! माझं यमक जुळलं नाही. दोष मुसळाचा.

७ जून
मीही कुटायला गेलो. दुसऱ्याच घावाला बाईंनी हात मागे ओढला. म्हणाल्या, मास्तर, बोटं अजून हवी आहेत मला. किती सूचक! बोटं कशाला हवीत? अंगठीसाठीच.

८ जून
जास्वंदीशेजारी बाक मांडला. फुलपाखरू फुलावर बसलं की बोट दाखवून पहिली ओळ म्हणायची. शेळी बांधायची राहिली. उद्या बघू.

९ जून, रविवार, दुपार
बाई आल्या. मागे केळ्यांचा घड घेऊन अम्पोफो. त्याला कोणी बोलावलं होतं?
जास्वंदीचं फूल वाकवून आत भुंगेरा. पाठीवर परागच पराग. एवढ्यात फुलपाखरू आलं. निळं, राजबिंडं. फुलांकडे ढुंकून न बघता थेट शेळीच्या ताज्या लेंड्यांवर उतरलं आणि सोंड काढून जेवायलाच बसलं. बाई म्हणाल्या, थांबा मास्तर, त्यांचं जेवण होऊ दे, मग कविता. अम्पोफो इतका हसला, घड खाली ठेवावा लागला मेल्याला.
तरी कविता म्हटली. दुसऱ्या कडव्यात भुंगेऱ्याची चांगली टर उडवली होती: गाणं येत नाही, गोड बोलता येत नाही, नुसता राबतो. तिथं बाईंचे डोळे पाणावले. माझ्या शब्दांची ताकद! मागणी घालायची तेवढी राहिली.

१६ जून
बाई स्वतः फुफू घेऊन आल्या. लग्न ठरलं म्हणाल्या. अम्पोफोशी. लग्नात माझी कविता हवीच. फक्त दुसरं कडवं.
फुफू मऊ होता. एक गाठ नाही.
लेंड्या झाडायला अंगणात गेलो. आजही एक फुलपाखरू बसलं होतं. एकटंच. झाडू तसाच ठेवला.