लोटनला कॉलेजात घालण्याबाबत

पिंप्राळा, जळगाव
ता. २८ जून १९८८

तीर्थस्वरूप झुलालमामा आणि सौ. भिकुमामी यांना पितांबरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं सध्या इतकं जड झालंय की कुठेतरी ठेवायला हवंच होतं.) इकडे पुष्पाला खोकला, मला पित्त आणि घरमालकाला आमचा कंटाळा, एवढं सोडलं तर सर्व क्षेम आहे. मामा, तुमचा गुडघा कसा आहे? निरगुडीचं तेल चोळता की नुसतं बाटलीकडे बघून बरं वाटतं? परवाच्या वादळात आपली केळी किती आडवी झाली ते तुम्ही लिहिलं नाही. चांगलं असतं तर लिहिलं असतं, म्हणून मी विचारत नाही. तरी लिहा.

तुमचं कार्ड पोचलं. लोटन बारावी पास झाला, मामीला पेढा पोचला असं समजावं. आता तुम्ही विचारता की त्याला जळगावला कॉलेजात घालावं, की सावद्याच्या केळी-संस्थेत चिकटवावं. तिथले केळी तोलून पावती करणारे झिपरूनाना डोळ्यांनी थकले, जागा मोकळी होतेय, संस्थेची माणसं म्हणतात झुलालभाऊंचा पोरगा असेल तर घेतो, पण शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर दुसरा बघतो. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘तू आपल्यात शिकेल माणूस, खरं ते सांगजो.’ मामा, हे वाक्य मी पुष्पाला दोनदा वाचून दाखवलं. आपल्याला कोणीतरी काहीतरी विचारतंय म्हणजे काय असतं, हे तिलाही कळू दे.

तर माझं स्पष्ट मत आहे : लोटनला कॉलेजात घालाच. पदवीशिवाय माणसाला किंमत नाही. माझंच उदाहरण घ्या (दुसऱ्याचं देता आलं असतं तर बरं झालं असतं, पण हाताशी हेच आहे). मी अर्थशास्त्रात एम.ए. झालो आणि आज रतिलालशेठच्या किराणा दुकानात बसतो. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, शेंगदाणे यांच्याकडून घ्या, हे एम.ए. आहेत, मापात पाप करणार नाहीत. बाया रांग लावतात. एवढा मान बी.ए.ला मिळाला नसता. फक्त शेठ मला कायम करत नाहीत. म्हणतात, तुम्ही काय, आज ना उद्या साहेब होऊन जाल, तुम्हाला कशाला अडकवून ठेवू? त्याआधी छापखान्यात होतो, तिथे हेच म्हणाले. त्याआधी कापसाच्या जिनिंगमध्ये गेलो, तर तिथे एम.ए. ऐकल्यावर मालकानं उठून खुर्ची दिली, चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवायला आला. मामा, इतक्या आदरानं मला गावोगाव नाकारलंय की राग धरायलासुद्धा जागा उरली नाही.

शिवाय शिकलेल्या माणसाला काम नसतं हे साफ खोटं आहे, नोकरी नसते. काम भरपूर असतं. आपल्या भाऊबंदांत कोणाचं औषध आलं की बाटलीवरचं मी वाचायचं, कोणाची तार आली की मी उघडायची (रडायला बाकीचे मागे तयार उभे असतात), आणि लग्न निघालं की मंगलाष्टकं मी रचायची. चुलतभाऊ भटूच्या लग्नात काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सगळ्या नातेवाइकांची नावं गुंफता गुंफता आमच्या आत्याच्या यजमानांचं, वनाफुवांचं नाव काही केल्या चालीत बसेना, म्हणून मी सोडलं. फुवा वरणबट्टीच्या भरल्या ताटावरून उठले आणि नवरीची पाठवणी होईपर्यंत मांडवाबाहेर बैलगाडीत जाऊन बसले. त्यांना आणायला गेलो तर म्हणाले, ‘एवढा शिकला अन् एक फुवा बसवता येईना तुले?’ अजून माझ्याशी बोलत नाहीत. आता लोटन शिकला तर निदान ही मंगलाष्टकं तरी त्याच्याकडे जातील.

आणि धुळ्याची मुलाखत तुम्ही विसरला नसालच, कारण त्यात तुमचाही हात होता. तिथल्या सरकारी कचेरीचा कॉल आला तेव्हा मी तुमच्याकडेच होतो. तुम्ही म्हणालात, ‘रिकाम्या हातानं कोनाच्या दारात जाऊ नये.’ मी म्हटलं, मामा, मुलाखतीला असं काही नेत नाहीत, लोक भलताच अर्थ काढतील. तुम्ही म्हणालात, लाच नाही रे भो, रीत हाये. आणि बागेत फिरून, बोटांनी टिचक्या मारून, बरोबर मुलाखतीच्या दिवशी रंगावर येईल असा घड काढलात, पाल्यात गुंडाळलात, पोत्यात घातलात आणि माझ्या खांद्यावर दिलात. एस.टी.त कंडक्टरनं त्याचं सामानाचं तिकीट फाडलं. पारोळ्यापर्यंत घड सीटवर आणि मी उभा, कारण मला चेंगरलेलं चाललं असतं, त्याला नाही. धुळ्याला उतरलो तेव्हा इस्त्रीच्या शर्टाला केळीचा चीक लागलेला. (तो डाग अजून आहे. केळीचा डाग आणि एम.ए.ची पदवी, दोन्ही जन्मात निघत नाहीत.)

कचेरीच्या दारात शिपाई होता. त्यानं मला बघितलं नाही, पोतं बघितलं. म्हणाला, ‘केळावाला भाऊ, मांगल्या दारथीन ये. सायेब मिटिंगमा शे.’ मी म्हटलं, अहो मी उमेदवार आहे. म्हणाला, ‘बठ्ठा उमेदवार वर गयात,’ म्हणजे सगळे वर गेले, आणि मला वळवलं. मागे साहेबांचं बिऱ्हाड. बाईसाहेबांनी एक केळं सोलून खाल्लं, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी सत्यनारायण आहे, असाच एक घड आणा, कमी पिकलेला नको. त्यांना समजावून, हात धुऊन, पुढच्या दारानं जिना चढून जाईपर्यंत माझं नाव पुकारून झालं होतं. तरी साहेब भला माणूस, त्यानं शेवटी आत घेतलं. मी रात्रंदिवस पंचवार्षिक योजना पाठ करून गेलेलो. तोवर खालून बशीत केळी आली होती. साहेबानं विचारलं, तुम्हीच आणलीत का? सावद्याची का? इतकी गोड कशी? मामा, मी बोललो. माती, पाणी, मुनवे (केळीची पिलं हो), घड कधी काढायचा, पाल्यात का गुंडाळायचा, तुमच्याकडून जे जे ऐकलं ते सगळं बोललो. चारही साहेब मान डोलवत होते. आयुष्यात माझं इतकं कोणी ऐकलं नाही. नोकरी दुसऱ्याच एका बी.कॉम.ला मिळाली. मला बाईसाहेबांचं कार्ड आलं, सत्यनारायण विसरू नका म्हणून. गेलो. नाही कसं म्हणणार? पुढे कधी जागा निघेल म्हणून त्यानंतरही गेलो. घड उतरवून झाला की मी साहेबांना जागेचं विचारतो आणि ते मला पुढल्या घडाचं विचारतात.

लग्नालाही पदवीचा उपयोग होतो. पहूरच्या माझ्या सासऱ्यांनी नोकरी विचारली नाही, शिक्षण विचारलं. पत्रिकेत माझ्या नावापेक्षा ‘एम.ए.’ मोठं छापलं होतं. काही पाहुण्यांना नवरदेवाचं नावच एमे वाटलं असेल. पुष्पानं पदवीला काच बसवून भिंतीला टांगलीय. मागे ओल आहे, ती झाकली जाते. ती रोज पुसते. मी म्हणतो, राहू दे. ती म्हणते, एवढं शिकलात, धूळ कशी बसू देऊ? मग मी काच धरतो, मामा, आणि ती पुसते.

म्हणून लोटनला घालाच कॉलेजात. हुशार पोरगा आहे, आमच्याकडे राहील, पुष्पा दोन भाकरी जास्त टाकेल. संस्थेतली जागा काय, आज आहे उद्या नाही. विद्या कोणी चोरून नेत नाही (कोणी फुकट नेली तरी मी हसत देईन). लहानांना आशीर्वाद, मामीला पुन्हा नमस्कार.

तुमचा,
पितांबर

ता.क. लोटन कॉलेजात गेला की ती झिपरूनानांची जागा मोकळीच राहणार. तुमच्या शब्दावर ठेवलेली जागा परक्याच्या घरात जावी हे बरं दिसत नाही. शनिवारी संस्थेत गेलात की माझं नाव घाला. तोलायची सवय आहे, केळीतलं कळतं, धुळ्याला विचारलं तरी सांगतील.

ता.क. २. तिथे मी एम.ए. आहे हे मात्र बोलू नका. दहावी सांगा. फार आग्रह झाला तर बारावी. त्यापुढे गेलात तर खुर्ची देतील आणि चहा पाजतील.

ता.क. ३. पत्र पाकिटात घालण्याआधी पुष्पानं वाचलं. म्हणाली, ‘मामांनी तुम्हाले खरं विचारलं व्हतं ना? मंग पोराले कॉलेजात ढकलून त्याची जागा कशी मागता?’ मी तिला अर्थशास्त्र समजावायला गेलो. ती चुलीकडे तोंड करून बसली. मला लाज वाटली, मामा. पण दमलोय हो, फार दमलोय, दमलेला माणूस कोणाच्याही ताटाकडे बघतो. वरची दोन्ही ता.क. खोडलेली समजा (कागद भरत आलाय, सगळं पुन्हा लिहायचं त्राण नाही). जागा लोटनची आहे, त्याला हवी असेल तर शनिवारी त्यालाच बसवा. कॉलेजला जायचं म्हणाला तर पाठवा, पण त्याला स्वतःला विचारून. शिकलेला माणूस म्हणून खरं सांगतो : मला माहीत नाही.

ता.क. ४. पोस्टात टाकायला निघालो तर पोस्टमनच दारात भेटला. धुळ्याच्या त्याच कचेरीत जागा निघालीय, पुढच्या गुरुवारी मुलाखतीला बोलावलंय. तेव्हा मामा, गुरुवारी रंगावर येईल असा एक घड काढून ठेवा, मी न्यायला येतो. या खेपेला सरळ मागच्याच दारानं जाईन. तिथे मला सगळे ओळखतात.