सहावं कुलूप

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा! वय एकसष्ट, गुडघे कुरकुरतात, तरी मिशिगनच्या या वरच्या टोकाला, कागद गिरणीत विजेच्या सुरक्षेची मास्तरकी मिळाली. फोरमन आर्विड लांपी यांनी बायकोच्या हातची पास्टी आणली होती, मोठ्या करंजीसारखी, मांस-बटाट्यानं गच्च भरलेली. वर दम दिला की हिच्यावर रस्सा मागितलात तर नोकरी गेली म्हणून समजा.

वर्गात पाच तंत्रज्ञ. त्यांतली हिल्का तोंडाची फटकळ. पहिल्याच तासाला म्हणाली, मास्तर, चारशेऐंशी व्होल्टला काय घाबरायचं, पुस्तकात तर ‘कमी दाब’ लिहिलंय. मी म्हटलं, बाई, कमी दाबानं गेलेला माणूस कमी मरत नाही. सगळे खो खो हसले. जमणार माझं इथं!

मग माझा नियम घोकवून घेतला. विजेच्या पॅनेलमागच्या बोळात ज्याला शिरायचंय त्यानं मेन स्विच बंद करायचा, त्यावरच्या सहा भोकांच्या पट्टीत आपलं नाव-फोटोवालं लाल कुलूप घालायचं, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची; एकही कुलूप लटकत असेल तोवर स्विच चालू होत नाही. मोबाइल बाहेर टेबलावर. काम झालं की ज्याचं त्यानं काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, मग सांगणारा तुमचा बाप का असेना.

चारला पाच जणांनी पाच कुलपं काढली. एक उरलं. पितळी, जुनं, त्यावर नाव नाही. मी स्वतः टॉर्च घेऊन बोळ पाहिला, पाचही जणांना समोर उभं केलं, गिरणीभर फोन लावले. कुणाचंच नाही. मग आर्विडनं कटरनं कापलं. नव्या मास्तरची फिरकी घेतली असणार, दुसरं काय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा तसंच! पाचही जण आईची शपथ घेतात. बोळात डोकावलो, फोनबिन काही केले नाहीत. कापलं. आर्विड म्हणाला, मास्तर, येताना पाहुणा घेऊन आलात वाटतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज हिल्का कटर खांद्यावर टाकूनच आली. मी खुर्चीतून उठेपर्यंत हिनं कापलंसुद्धा. ‘मास्तरांचं भूत’ असं नाव पडलंय त्याला. मीही हसलो. बोळात कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

तुकडा टाकायला उचलला, तर खालच्या बाजूला नेलपॉलिशचा हिरवा ठिपका.

जेवण गेलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लिहूनच टाकतो. नऊ वर्षं कुणाला बोललो नाही.

तो ठिपका लेस्टर ब्रूसार्डच्या मुलीनं लावलेला. बाबांचं कुलूप पटकन ओळखू यावं म्हणून. तेव्हा मी दुसऱ्या एका गिरणीत त्याचा फोरमन होतो. पाळी सुटली, सगळे गेले, लेस्टरचं कुलूप तेवढं राहिलं. मला वाटलं, विसरला आणि घरी गेला. बोळात पाहिलं नाही. कापलं. वीज चालू केली. लेस्टर आतच होता.

कुलूप नदीत फेकलं. चौकशीत सांगितलं की त्यानं कुलूप घातलंच नव्हतं. ना हाक ऐकू आली, ना ठोकल्याचा आवाज, असंही सांगितलं. अहवालात आलं, लेस्टरचीच बेपर्वाई. त्याच्या बायकोनं तो माझ्यासमोर वाचला.

आज वर्गाला बजावायला हवं होतं, ते कुलूप कापू नका. पण का, असं विचारतील. दहा वेळा तोंड उघडलं. चारला हिल्कानं शीळ घालत कापलं. मी मेल्या मनाचा माणूस आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ

पॅनेलमागून कुणीतरी ठोकतंय. तीन ठोके. थांबतं. पुन्हा तीन. बाकी कुणाला ऐकू येत नाही. हिल्कानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, म्हणाली, मास्तर, घरी जा हो. फटकळ, पण मनाची चांगली आहे पोरगी.

दुपार

सगळे आपापली कुलपं काढून जेवायला गेलेत. एक वाजता वीज चालू करून तपासणी. आणि आत कुणी असलं तर? ठोके थांबत नाहीत. निदान या वेळी तरी आत जाऊन बघतो. स्विच बंद आहे. माझं कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं. मीटर लावला, आतल्या तांब्याच्या पट्ट्यांत वीज नाही. जातो.

आत

कुणी नाही. ठोके थांबले.

दार मागे लागलं. आतून मूठ नाही. बोळ इतका अरुंद की दोन्ही खांदे तांब्याला टेकलेत. असू दे. बाहेर कुलूप आहे. किल्ली खिशात—

खिशात माझं लाल कुलूप आहे. नाव. फोटो. माझंच.

मग बाहेर मी घातलं ते—

आले. हिल्का हसतेय. आर्विडचा आवाज — मास्तरांचं भूत आज दुपारीच आलंय, काप गं, एक वाजला —

ओरडतोय. बाहेरचा मोठा पंखा त्यांच्या कानाशी घरघरतोय. मोबाइल टेबलावर. माझाच नियम.

टॉर्चनं ठोकतोय. तीन. तीन. तीन —

कटरचा कट्ट.

लेस्टरनंही ठोकलं होतं. मला ऐकू आलं होतं. देवा, ऐकू आलं होतं, मला वाटलं पाइप तापले अस—