दुपारचा फ्रिज

प्रिय पैलवान,

तू लावलेल्या दाव्यातून माझं नाव वगळायला कोर्टाने आज नकार दिला. पशुसंवर्धन खात्याच्या वकीलबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. गुरांचा सरकारी डॉक्टर असलो तरी मी पुरेशी काळजी घेतली होती का, हे साक्षी झाल्यावरच ठरेल म्हणे. तुझ्याशी बोलायची त्यांनी मनाई केली आहे. लिहायची केलेली नाही. विचारलं असतं तर केली असती, म्हणून विचारलं नाही.

काल बाजारात मला पाहून तू टोपल्यांच्या दुकानात शिरलास आणि केवढा तरी वेळ टोपल्या निरखत राहिलास. खात्यावर दावा लावायचा तर लस टोचणाऱ्याचंही नाव घालावं लागेल, असं तुझ्या वकिलाने सांगितलं त्या दिवशी तू जेवला नाहीस, हे वहिनींकडून कळलं. अरे, शाळेत मास्तरांकडे माझ्या इतक्या चुगल्या केल्यास, तेव्हा कुठे तुझी भूक मेली होती?

लस टोचताना तुझी तांबडी गाय माझी बाही चाटत होती, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. दवाखाना उघडला की मी आधी फ्रिजमधला तापमापक बघायचो. काटा नेहमी जागेवर. मग दिवसभर फेरीवर. दुपारी तासन्‌तास वीज जाते, लस कोमट होते आणि सकाळपर्यंत फ्रिज पुन्हा गार होऊन साळसूदासारखा उभा असतो, हे कळायला एकदा फेरी रद्द व्हावी लागली. तोवर तुझ्या गाईंना तीच लस देऊन झाली होती. नवी मागवली, पण ती यायच्या आत रोग आला आणि तांबडीसकट तुझ्या गाई गेल्या. त्या संध्याकाळी तुझ्या ओट्यावर बसून मीच तुला हे सगळं सांगितलं, तेव्हा तू मला पाणी आणून दिलंस.

आता खात्याचं उत्तर असं, की लस उत्तम होती, गोठाच अस्वच्छ होता. वकीलबाई वाईट नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, की तेवढं एक वाक्य मी साक्षीत म्हटलं तर सुटेन. फ्रिजचं बोललो, तर दुपारी बघणं माझंच काम होतं असं म्हणून खातं हात झटकेल आणि भरपाई माझ्या घरादारावर येईल. मी हिला विचारलं. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तुमची चप्पल कधी जागेवर नसते. पैलवानभावजींच्या गोठ्यात शेणसुद्धा जागेवर असतं. काय तोंडाने घाण म्हणणार?" मग उरलेल्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

तू उद्या दावा मागे घ्यायला निघणार आहेस, असं वहिनी म्हणाल्या. माझ्यासाठीच, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. म्हणून हे पत्र. घेऊ नकोस, पैलवान. तू मागे घेतलास तर मी सुटेन, पण तुझ्या गोठ्याबद्दलचं ते वाक्य कोर्टात तसंच राहील, आणि फ्रिज रोज दुपारी बंद पडत राहील. सोमवारी माझी साक्ष आहे. जे ओट्यावर सांगितलं तेच तिथे सांगेन. त्यानंतर खातं बहुतेक मला स्वतःचा वकील बघायला लावेल. तुझा सोडून दुसरा कोणी ओळखीत असेल तर कळव. आणि सोमवारी पुढच्या बाकावर बस. मागे टोपल्यांचं दुकान नाही.

तुझाच, तूर्त तुझा प्रतिवादी,
डॉक्टर